प्रभुदास कसबेचा नंबर

"प्र… प्र… प्र…"

आम्ही बारा-तेरा जण हातात हात धरून, डोळे मिटून गोल बसलो होतो आणि प्रभुदास कसबे पहिल्याच अक्षरावर अडकला होता. त्याच्या पलीकडे आयरीन होती. तिने जेमतेम एक श्वास जाऊ दिला आणि गोड आवाजात सुरू केलं, "प्रिय प्रभू, आजच्या या सुंदर संध्याकाळसाठी आम्ही तुझे आभार मानतो…"

झालं. प्रभुदासचा नंबर गेला. त्याच्या तोंडातला प्रभू आयरीनने काढून घेतला आणि साखळी पुढे सरकली.

नगरला आमच्या चर्चमागे संडेस्कूलची एक खोली होती. दर शुक्रवारी संध्याकाळी तिथे कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलामुलींचं मंडळ भरायचं. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे हनुवटीला लावून देवाच्या चरणी बसत असू. गाणी व्हायची, वचनावर थोडं बोलणं व्हायचं आणि शेवटी साखळी प्रार्थना. एकाने मोठ्याने प्रार्थना करायची, तो आमेन म्हणाला की शेजाऱ्याने सुरू करायचं, असं करत गोल पुरा करायचा. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल त्याने पुढच्याचा हात दाबायचा, म्हणजे पुढच्याने समजून घ्यायचं. लाजऱ्याबुजऱ्यांसाठी केलेली ही सोय होती. पण प्रभुदास लाजरा नव्हता. त्याने कधी कुणाचा हात दाबला नाही. तो दर शुक्रवारी "प्र" पर्यंत यायचा, आणि दर शुक्रवारी आयरीन त्याला ओलांडून जायची.

आयरीनला मी दोष देत नाही. तिला तसं सांगून ठेवलेलं होतं. सांगणारे ब्रदर अमोस भांबळ.

ब्रदर अमोस आमचे पुढारी. बंगळूरला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. विद्यार्थ्यांमध्ये सेवा करायला प्रभूने आपल्याला बोलावलंय, असं ते इतक्या वेळा सांगत की प्रभूला दुसरं कुणी भेटलंच नव्हतं की काय, अशी मला शंका येई. "माझ्या मनावर प्रभूने ओझं ठेवलंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ओझं त्यांच्या मनावर असायचं, उचलायला आम्ही. सतरंज्या झटका, खुर्च्या लावा, फळा पुसा. प्रभू त्यांना सारखं काहीतरी दाखवतही असे. त्याने त्यांना पुढच्या वर्षाचं ध्येय दाखवलं, मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयातली नोकरीची जागा दाखवली. समोर बसलेला माणूस मात्र कधी दाखवला नाही.

प्रभुदास पहिल्यांदा आला तो दिवस मला आठवतो. शेवगावकडच्या वाडीतला मुलगा, मिशनच्या बोर्डिंगात राहायचा, सायन्सच्या पहिल्या वर्षाला. मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. ब्रदर नव्या मुलांची ओळख करून घेत होते.

"नाव काय तुझं?"

"प्र… प्र…"

"प्रकाश?"

त्याने मान हलवली. नाही.

"प्रमोद?"

त्याने पुन्हा मान हलवली, पुन्हा नाही. पण ब्रदर तोवर पुढच्या मुलाकडे वळले होते. "वेलकम, प्रमोद!"

त्या दिवसापासून तो ब्रदरांचा प्रमोद झाला. आम्ही दोन-तीनदा सांगून पाहिलं. "हो का? बरं बरं," म्हणाले आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा प्रमोद. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव पुरं ऐकायला या माणसाला एवढीही उसंत नव्हती. आणि हेच गृहस्थ हरवलेल्या मेंढराला शोधायला निघाले होते!

साखळी संपली की ब्रदर प्रभुदासला मधे बोलवायचे. डोक्यावर हात ठेवून असा भार द्यायचे की त्याची मान खाली जायची. मग खड्या आवाजात, "प्रभू, या दुर्बळ भावाची जीभ मोकळी कर! मोशेच्या जिभेला तू साहाय्य केलंस, या प्रमोदला कर!" आम्ही सगळे आमेन म्हणायचो. प्रभुदास डोकं वर करायचा, केस नीट करायचा आणि जागेवर जाऊन बसायचा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते आभार मानणं खचितच नव्हतं.

गाताना तो अडखळत नसे. चांगला पहाडी आवाज होता त्याचा. हे लक्षात आल्यावर ब्रदरांना पुन्हा काहीतरी दाखवलं गेलं. "प्रमोद, तू नुसता गात जा. बोलायच्या भानगडीत पडूच नकोस."

त्या संध्याकाळी मी फाटकापाशी प्रभुदासला गाठलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"तू येतोस कशाला रे इथे? रविवारी चर्चला जातोस, तेवढं पुरे नाही का?"

तो सायकलचं कुलूप काढत होता. "ति… तिथं पाळकसाहेबच प्रार्थना करत्यात, ताई. आपण नुसतं आमेन म्हणायचं. इथं आपला न… नंबर येतो."

"येतो आणि जातो! आयरीन दर वेळी तुझ्यावरून उडी मारते, दिसत नाही तुला?"

"दिसतं की."

"मग हात दाबून मोकळा हो. निदान असा अपमान तरी नाही होणार."

"हात दाबला म्हंजी मी नको म्हणलो आसं व्हतं." तो हसला. "मला तर बो… बोलायचंय."

"मग 'प्रभू' म्हणूच नकोस. दुसरा शब्द धर. 'हे बापा' म्हण."

"ब… ब… बापावर बी आडकतो ना मी!"

आम्ही दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला. "आन ताई, ज्याच्याशी बोलायचं त्याला हा… हाक नको का मारायला? हाक न मारता कसं बोलावं?"

इतकी वर्षं चर्चमध्ये काढून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मला त्या मुलाचं कौतुक वाटलं आणि खरं सांगायचं तर त्याच्या चिकाटीचा थोडा रागही आला. माणसाने इतकं काय हटून बसावं? दुसरा असता तर केव्हाच मंडळाला रामराम ठोकून नाक्यावर चहा पीत बसला असता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मंडळाचा वार्षिक मेळावा ठरला. पुण्याहून विभागीय सचिव रेव्हरंड त्रिभुवन येणार होते. ब्रदर अमोसांच्या अंगात वारं शिरलं. पुण्याच्या कार्यालयातली ती जागा देणं त्रिभुवनांच्याच हातात होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रदर तेही आम्हाला 'ओझं' म्हणूनच सांगत.

कामांची वाटणी झाली. आयरीन पेटीवर. दोघे सजावटीला. मी अर्थातच पोह्यांना, कारण मुलगी. मग ब्रदर प्रभुदासकडे वळले आणि आवाज खास मऊ केला.

"प्रमोद, देव प्रत्येकाला वेगवेगळं कृपादान देतो. कुणाला बोलण्याचं, कुणाला शिकवण्याचं. तुझं कृपादान सेवेचं आहे. तू बाहेर थांब. चपलांकडे लक्ष ठेव, पोह्यांच्या बशा उचल, धू. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा बाहेरच थांबलास तर बरं. कुणीतरी जागं राहायला पाहिजे ना?"

"ब… ब्रदर, साखळीत मी…"

"साखळी तुटते रे तुझ्यामुळे." हे मात्र त्यांनी मऊ आवाजात म्हटलं नाही. "पाहुण्यांसमोर शोभा नको. एक दिवस आत नाही आलास तर काय बिघडणार आहे?"

प्रभुदासचं तोंड उतरलं. मला राहवलं नाही.

"ब्रदर, तुमचं कृपादान कुठलं?"

"नेतृत्वाचं," ते चटकन म्हणाले. खोलीत दोघं-तिघं खोकले. ब्रदरांना त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

बाहेर पडताना प्रभुदास मला म्हणाला, "ताई, ह्या खेपेला आत नाही बसू दिलं तर म… मी यायचं बंद करीन."

"बंद करशील?"

"मंग काय? बशा धुवायला बो… बोर्डिंग हायच की."

तो इतके महिने आयरीनचं ओलांडून जाणं सोसत आला, डोक्यावरचा तो भार सोसत आला, प्रमोद हे नावही सोसत आला. गोलाबाहेर बसणं मात्र त्याच्याने सोसणार नव्हतं. तो गेला तर परत येणार नाही, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. मंडळातून आधीही मुलं गळली होती. ब्रदर त्याला 'छाटणी' म्हणत. कुणाचं इंग्रजी कच्चं, कुणाचे कपडे चुरगळलेले, कुणी फार प्रश्न विचारणारं. छाटणी करता करता झाडाला फांद्या किती उरल्या, हे त्यांनी मोजलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी खोली पताकांनी सजली. रेव्हरंड त्रिभुवन आले. स्थूल, शांत, पांढऱ्या मिशांचे, मोठ्या माणसाची खुर्ची मिळालेले एकटेच. पोहे झाले, गाणी झाली, ब्रदरांचं अहवालवाचन झालं. त्यात मंडळ इतकं फोफावलेलं होतं की मी दचकून आजूबाजूला पाहिलं. मग ब्रदरांनी प्रेमभराने हात पसरले, "चला, आता साखळी प्रार्थना करू या. माझ्यापासून सुरू करू, आणि शेवट आपले आदरणीय पाहुणे करतील."

गोल झाला. पाहुण्यांच्या एका बाजूला ब्रदर, ब्रदरांच्या शेजारी मी. आयरीन पेटी आवरून लांब, दाराकडच्या टोकाला बसली होती. ब्रदर माझा हात धरणार, एवढ्यात दारात प्रभुदास दिसला. बाह्या दुमडलेल्या, हात ओले. त्याने कोपऱ्यातली एक चिमुकली खुर्ची उचलली आणि सरळ आमच्याकडे आला.

मी माझी खुर्ची खरकन बाजूला ओढली. त्याने आपली मधे ठेवली आणि बसला. ब्रदर अमोस आणि मी, यांच्या बरोबर मधे.

ब्रदरांचे डोळे मोठे झाले. पण पाहुणे बघत होते. हसून म्हणाले, "ये ये, प्रमोद," आणि त्याचा ओला हात धरला. धरताना त्यांनी नाक मुरडलं, ते पाहुण्यांना दिसलं नाही, मला दिसलं.

ब्रदरांनी प्रार्थना सुरू केली. देशासाठी केली, महाराष्ट्रासाठी केली, पुणे कार्यालयासाठी तर फारच कळवळून केली. आमेन म्हटलं. आता प्रभुदासचा नंबर.

"प्र…"

मी डोळे मिटले.

"प्र… प्र…"

बाहेर कुणाची तरी लुना सुरू होत नव्हती, किकवर किक चालली होती. आत प्रभुदास, बाहेर ती लुना. कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. माझ्या पाठीत काहीतरी टोचलं. ब्रदरांनी प्रभुदासचा हात सोडून, त्याच्या मागून मला बोट टोचलं होतं. मी हलले नाही. पुन्हा टोचलं. मी डोळे अधिकच घट्ट मिटले. प्रार्थनेत डोळे मिटावेत अशी आपली शिकवणच आहे.

"शुलमिथ," ब्रदर दातांतल्या दातांत म्हणाले, "सुरू कर ना!"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ब्रदर, माझा नंबर अजून आलेला नाही."

प्रभुदासने माझा हात घट्ट धरला. दाबला नाही, धरला.

"प्र… प्र…"

मग ब्रदरांनी शेवटचा उपाय काढला. ते आपणच पुन्हा सुरू झाले, पुटपुटत, पण जोरात पुटपुटत. "प्रभू, या दुर्बळ भावाची जीभ मोकळी कर, याच घटकेला कर, तुझ्या सेवकाला लाजवू नकोस…" आणि इकडे, त्यांच्या पुटपुटण्याच्या खालून, प्रभुदास चिवटपणे आपल्या शब्दाला धक्का देत राहिला. मला त्याच्या गळ्यातली शीर ताणलेली दिसत होती. हो, मी एक डोळा उघडला होता. इतर सगळ्यांनीही उघडला होता.

"प्र… प्र… प्रभू."

आला. शब्द आला.

"प्रभू, मा… माझ्या जिभेला काय बी झालेलं नाही. तू दि… दिलीस तशीच हाय. म… मला चालती." तो थांबला. ब्रदरांचं पुटपुटणं चालूच होतं. "मी ह्या स… सगळ्यांच्या का… का… कानांसाठी प्रार्थना करतो. ये… येशूच्या नावात. आमेन."

एवढंच. इतके महिने हा मुलगा एवढंच बोलायला येत होता, आणि आम्ही दर शुक्रवारी त्याच्या जिभेवर उपचार करत होतो! आयरीनने पदराने, म्हणजे ओढणीच्या टोकाने, डोळे पुसले. समोरच्या मुलांनी माना खाली घातल्या.

आणि ब्रदर अमोस? आमेन कानावर पडताच ते ताडकन उभे राहिले. लहान खुर्ची त्यांच्या मागे उलटी पडली.

"हालेलूया! पाहिलंत? पाहिलंत, रेव्हरंड? जीभ मोकळी झाली! वर्षभर मी या मुलासाठी प्रार्थना करतोय. आज, तुमच्या समोर, प्रभूने चमत्कार केला!"

रेव्हरंड त्रिभुवनांनी सावकाश डोळे उघडले. आतापर्यंत ते प्रार्थना करत होते, का त्यांना डुलकी लागली होती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "काय मागितलं त्याने?"

"अं?"

"त्याने प्रार्थना केली ना आत्ता? तुम्ही शेजारी होतात. कशासाठी केली?"

ब्रदरांनी एकदा प्रभुदासकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी छताच्या पताका बघत होते.

"जिभेसाठी," ब्रदर म्हणाले. "अर्थात जिभेसाठीच."

एक मुलगा फिस्सकन हसला. मग दुसरा. मग हसू सगळ्या गोलातून फिरलं, अगदी साखळीसारखं, आणि आयरीनपाशी आलं तेव्हा तिला ओढणी तोंडात कोंबावी लागली. ब्रदरांना काही कळेना. पण इतक्या सहज हार मानणारे ते नव्हते. ते प्रभुदासकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि जी जागा त्यांनी त्या मुलाला इतक्या महिन्यांत एकदाही दिली नव्हती ती त्या क्षणी देऊन टाकली.

"ये, प्रमोद, पुढे ये. पाहुण्यांसमोर साक्ष दे. सांग सगळ्यांना, तू आधी कसा होतास आणि आता कसा झालास. पुण्याच्या मासिकात छापू आपण. पुढच्या मेळाव्यात तूच बोलशील, मुख्य वक्ता म्हणून!"

अठरा-एकोणीस वर्षांचं पोर. ज्याला गोलात बसू देत नव्हते त्याला एकदम मंचावर बोलावत होते. एवढंच करायचं होतं, बरा झालो म्हणायचं. पुढे अडखळला असता तर ब्रदरांनी सैतानावर ढकललं असतं, त्यांना ते जमत असे. हो म्हण आणि सगळं तुझं.

प्रभुदास उभा राहिला. ओले हात पॅंटला पुसले. पुढे गेला नाही, आपल्या खुर्चीपाशीच राहिला.

"मी प्र… प्र… प्र…"

या वेळी कुणी हसलं नाही, कुणी टोचलं नाही, कुणी त्याच्या वतीने काही म्हटलं नाही. रेव्हरंड त्रिभुवन हातावर हात ठेवून बसून राहिले. आम्ही सगळे थांबलो. ब्रदरांनी एकदा तोंड उघडलं, आणि आजूबाजूला बघून मिटलं.

"…प्रभुदास कसबे," तो म्हणाला. "आधी जसा हु… हुतो, तसाच हाय. पु… पुढच्या शुक्रवारी येतो."

आणि खाली बसला.

ब्रदर अमोसांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं. हे मात्र त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं होतं.